पंचगंगेच्या काठावरचे शंख आणि शिंपले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण नदीकाठी नाहीतर तळ्याकाठी जातो. पिठाची चाळण, पांढरा ट्रे आणि भिंग एवढंच सामान. येणारे-जाणारे थांबतात आणि विचारतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी एकदा लिहून काढावं असं ठरलं. खाली उत्तरं आहेत. काही लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

काय हरवलंय ओ?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. काही हरवलेलं नाही. गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि ओल्या जमिनीवरच्या गोगलगाई कुठं कुठं आहेत याची आम्ही वही ठेवतो. कुठल्या दगडाखाली काय मिळालं, जिवंत की रिकामं, पाणी वाहतं की साचलेलं, एवढंच त्यात असतं.

गोगलगाय, शंख, शिंपला हे सगळे एकच का?

एकाच खानदानातले. मऊ अंगाचे, बहुतेकांच्या पाठीवर चुन्याचं घर असलेले. शास्त्रात त्यांना मृदुकाय म्हणतात. समुद्रात या खानदानाच्या बऱ्याच शाखा आहेत, माकूल आणि आठ पायांचा ऑक्टोपस त्यातलेच. गोड्या पाण्यात मात्र दोनच शाखा आल्या. एका शाखेत एकसंध वळणदार शंख असलेल्या गोगलगाई, दुसरीत दोन झाकणांचे शिंपले. जमिनीवर तर एकच शाखा चढली, गोगलगाईंची. शिंपल्याला ते जमलं नाही, कारण त्याचं खाणंपिणं पाणी गाळण्यावर चालतं.

गोगलगाईंच्या शाखेचं शास्त्रीय नाव ‘उदरपाद’. आपल्या आज्यांनी ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणून ते आधीच ठरवून टाकलं होतं, फक्त त्यांना म्हणायचं होतं शेजारणीबद्दल.

भारतात अशा किती जाती आहेत?

समुद्र सोडून बोलायचं तर गोड्या पाण्यातल्या दोनशेच्या वर आणि जमिनीवरच्या अकराशेच्या वर जातींची नोंद आहे. जमिनीवरचा आकडा मोठा असण्याचं कारण सोपं आहे. गोगलगाय हळू चालते. दोन डोंगरांमध्ये कोरडं माळरान आलं की इकडची तिकडं जात नाही, आणि लाखो वर्षांत दोन्हीकडच्या वेगळ्या होतात. त्यामुळे पश्चिम घाटातल्या जमिनीवरच्या गोगलगाईंपैकी बहुतांश जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. गोड्या पाण्यातल्यांचं थोडं वेगळं आहे. पूर आला की ती वाहत जातात, पक्ष्याच्या पायाला चिखलातून चिकटून दुसऱ्या तळ्यात पोचतात. तरीही २०११ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचा जो मोठा आढावा घेतला गेला, त्यात ७७ जातींचे मृदुकाय होते.

कोल्हापुरात सहज काय बघायला मिळतं?

इथं मी जरा रमणार आहे.

रंकाळा तलावाच्या पायऱ्यांवर, कळंबा तलावाच्या कडेला किंवा बंधाऱ्याच्या वरच्या साचलेल्या पाण्यात हात घातला तर पहिली हाताला लागते ती हिरवट-तपकिरी, लगोरीच्या वरच्या ठिकरीएवढी, अंगावर बारीक गडद पट्टे असलेली बेलामिया. तोंडाला पातळ, शिंगासारखं झाकण. हात लागला की ती आत सरकते आणि ते झाकण दाराच्या फळीसारखं बसतं. पुढचं सारं ओळखणं या झाकणावर आहे. झाकण असलं की ती कल्ल्यांनी श्वास घेणारी, पाण्यातच राहिलेली. झाकण नसलं की ती फुप्फुसवाल्या घराण्यातली, आणि बहुधा हवा घ्यायला वर येते.

बेलामियाच्या शेजारी चिखलात अर्धवट रुतलेली, लांबट, स्क्रूसारखी निमुळती दिसते ती मेलॅनॉइड्स. दिवसा चिखलात, रात्री वर. शेंड्याचे वेढे बहुधा झिजलेले, कधी तुटलेले. आमच्यातला एक पोरगा तिला ‘गिरमिट’ म्हणतो, त्याच्या वडिलांचं सुतारकाम आहे.

आता झाकण नसलेल्या. लिम्नियाचा शंख इतका पातळ असतो की उन्हात धरला तर आतला काळा ठिपक्यांचा जीव दिसतो. तोंड रुंद, शेंडा टोकदार. पाणी शांत असलं तर ती पृष्ठभागाच्या खालच्या बाजूनं, उलटी टांगून, छताला पाली चालतात तशी चालते. ट्रेमध्ये ठेवून पोरांना दाखवा, पुढची दहा मिनिटं कोणी मोबाइल काढत नाही. दुसरी इंडोप्लॅनॉर्बिस, जिलेबीसारखी एकाच पातळीत गुंडाळलेली. चिमटीत धरली की तांबडा रस येतो, लोक घाबरतात. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. कमी ऑक्सिजनच्या, कुजट पाण्यात ती टिकते त्यात याचा वाटा मोठा. भाताच्या खाचरात, गुरं धुवायच्या डबक्यात, पाटाच्या कडेला ती हमखास.

भाताच्या पट्ट्यात, म्हणजे राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडं, पायला नावाची मोठी गोल गोगलगाय मिळते. लिंबाएवढी आणि त्याहून मोठी. तिच्याकडं कल्ले आणि फुप्फुस दोन्ही असतात. पाण्यात बुडून राहिली तरी मानेच्या डाव्या बाजूची नळी वर काढून हवा ओढते. चोचीच्या मधोमध फट असलेला मुग्धबलाक करकोचा बघितला असेल तर तो हिच्यावरच जगतो.

आणि वाळूत शिंपले. वीतभर नाही तरी चार बोटं लांब, काळपट, आतून मोतिया चमक असलेला लॅमेलिडेन्स. त्याहून लहान, जाड, वर नागमोडी रेघा कोरल्यासारखा पॅरेशिया. आणि बोटाच्या पेराएवढी, गोलसर त्रिकोणी, एकाआड एक वर आलेल्या कडांची कॉर्बिक्युला. लॅमेलिडेन्सची ओळख जुन्या माणसांना वेगळ्या कारणानं आहे. शिंपल्याची पाठ दगडावर घासून भोक पाडायचं आणि त्यानं कैरी सोलायची. माझ्या आजीकडं असा एक शिंपला होता. दरवर्षी लोणच्याच्या वेळी तो फडताळातून बाहेर यायचा. सोलाणं विकत घेतल्यावरही ती तोच वापरायची, साल पातळ निघते म्हणायची.

शंख उजवा की डावा, हे कसं ओळखायचं? दक्षिणावर्ती शंख म्हणजे तोच का?

शेंडा वर, तोंड स्वतःकडं. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. आपल्याकडच्या बहुतेक उजव्या. पाण्यातली छोटी फायसा डावी, आणि सह्याद्रीत जमिनीवरच्या काही मोठ्या एरिओफँटा डाव्या.

पूजेचा शंख समुद्रातला आहे, नदीतला नाही. पण प्रश्न बरोबर आहे आणि घोळही तिथंच होतो. आपण पूजेचा शंख शेंडा खाली, शेपूट वर असा बघतो. त्यामुळे शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतील, तोच आपला दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’. एकदा महाद्वार रोडवर एका दुकानात मी हे समजवायला गेलो. दुकानदार म्हणाले, “साहेब, उजवा म्हणा नाहीतर डावा, किंमत तीच आहे.”

ती फायसा परदेशातून आली असं ऐकलं. कशी?

तिचं मूळ उत्तर अमेरिकेत. माशांच्या टाकीतल्या वनस्पतींबरोबर जगभर फिरली. घरात टाकी असेल आणि आपण न आणलेली, मुगाएवढी, चकचकीत, चपळ गोगलगाय काचेवर दिसत असेल, तर तीच असण्याची शक्यता मोठी. एकटीनं आली तरी तिचं काम अडत नाही, नर-मादी दोन्ही अवयव एकीतच असतात आणि गरज पडली तर ती स्वतःच्या स्वतः अंडी फलित करते. म्हणून टाकीचं पाणी, वनस्पती, खडी रंकाळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका. उन्हात वाळवा, मग टाका.

यात एक गंमत आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारस थरावर थर पसरत होते. दोन थरांच्या मधल्या काळात इथं तळी साचायची, आणि त्या तळ्यांमध्ये फायसाच्याच घराण्यातल्या डाव्या, आजच्या फायसाच्या कितीतरी पट मोठ्या गोगलगाई राहायच्या. नागपूरजवळच्या टाकळीचे तसले जीवाश्म दीडशे वर्षांहून जास्त काळ अभ्यासकांना माहीत आहेत. रंकाळ्याच्या काठी काळ्या दगडावर बसून आम्ही अमेरिकेहून आलेली फायसा मोजतो तेव्हा बुडाखाली तोच लाव्हा असतो.

उन्हाळ्यात डबकं आटलं की सगळ्या मरतात का?

काही मरतात. पायला मात्र चिखलात खोल जाते, झाकण गच्च लावते आणि झोपते. श्वास फुप्फुसावर, तोही नावालाच. महिनोन्‌महिने. नांगरटीत मे महिन्यात ढेकळातून गोल शंख निघतात, शेतकरी मेलेले समजून बांधावर फेकतात. बादलीभर पाण्यात टाकून बघा. आमच्याकडं एकदा रात्री टाकलेल्या पाचातल्या तीन सकाळी बादलीच्या काठावर होत्या, एक तर न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती.

गोगलगाय अंडी घालते की पिल्लं देते?

दोन्ही. लिम्निया, फायसा पानाखाली साबुदाण्याच्या खिरीसारख्या चिकट पट्टीत अंडी घालतात. पायला पाण्याबाहेर, ओल्या मातीच्या खोबणीत पांढऱ्या अंड्यांचा घोस ठेवते.

बेलामिया थेट पिल्लं देते. एक मोठी मादी स्टीलच्या वाटीत पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी वाटीच्या भिंतीला ज्वारीच्या दाण्याएवढे पाच-सहा शंख चिकटलेले दिसतील. भिंगातून बघा: प्रत्येकाला झाकण आहे, पट्टे आहेत, आईची हुबेहूब छोटी प्रत, फक्त शंख काचेसारखा. नर ओळखायचा असेल तर डोक्यावरच्या दोन शिंगांकडं लक्ष द्या. नराचं उजवं शिंग आखूड आणि जाड असतं. मेलॅनॉइड्सही पिल्लं देते, आणि तिला बहुतेक वेळा नर लागतच नाही.

(बघून झालं की जिथून आणली तिथंच सोडा. वाटी घासून घ्या, घरचे बोलतात.)

शिंपल्यात मोती सापडेल का?

सापडेल, पण त्यावर लग्न ठरवू नका. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात मोती बनतो. अंगावरच्या पडद्यात काही शिरलं की त्याभोवती चकचकीत थर बसत जातात. निसर्गात मिळणारा बहुधा वेडावाकडा, मोहरीएवढा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं लॅमेलिडेन्सच्याच जातींमध्ये मोती वाढवायची पद्धत बसवली आहे, आणि त्यावर ‘एका टाकीत लाखोंची कमाई’ छाप व्हिडिओंचा पूर आला आहे. त्यात उतरायचं असेल तर आधी प्रशिक्षण घ्या, आणि शिंपले नदीतून ओरबाडून आणू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

पूर्वी नदीत शिंपलेच शिंपले असायचे. आता कुठं गेले?

हा प्रश्न साठीच्या पुढची माणसं विचारतात, आणि खूप वेळ बोलत राहतात.

शिंपल्याचं बाळंतपण समजून घेतलं तर निम्मं उत्तर मिळतं. मादी आपल्या कल्ल्यांमध्ये पिल्लं वाढवते आणि पाण्यात सोडते. ही पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक. त्यांना थोड्याच वेळात एखादा मासा गाठावा लागतो. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही दिवस काढायचे, तिथं बदलायचं, मग सुटून तळाशी पडायचं. मासा सापडला नाही तर संपलं. म्हणजे नदीतून मासा गेला की शिंपलाही जातो, फक्त काही वर्षं उशिरा, कारण म्हातारे शिंपले तग धरून राहतात. एखाद्या ठिकाणी फक्त मोठे शिंपले मिळतात आणि बोटाच्या नखाएवढा एकही मिळत नाही, तेव्हा मला वाईट वाटतं. ते वृद्धाश्रम बघितल्यासारखं असतं.

दुसरं कारण वाळू. शिंपला वाळूत किंवा वाळूमिश्रित गाळात उभा रुततो, दोन नळ्या वर ठेवतो आणि पाणी गाळत बसतो. वाळू उपसली की त्याचं घरच ट्रकमध्ये भरलं जातं. तिसरं सांडपाणी. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला आणि घाण आली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे वर येऊन तडफडतात, त्याचे फोटो पेपरात येतात. शिंपला वर येऊ शकत नाही. तो आत बंद होऊन वाट बघतो, आणि काही दिवसांनी उघडा पडतो. त्याचा फोटो कुठं येत नाही.

आणि चौथं आपल्या खास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं, काठावर नवी उथळ जागा तयार होते आणि शिंपले हळूहळू तिथं सरकतात. पावसाळ्याच्या तोंडाला किंवा मधेच पाणी सोडायला बरगे काढतात आणि पातळी एका दिवसात उतरते. त्या दिवशी संध्याकाळी काठाच्या चिखलावर जाऊन बघा. बोटानं ओढल्यासारख्या रेघा असतात, बहुतेक पाण्याच्या दिशेनं गेलेल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक शिंपला. एका सकाळी मी एक रेघ पावलांनी मोजली, नऊ पावलं होती. सरळ गेली होती, मग एका दगडाला वळसा, मग पुन्हा सरळ, आणि पाण्याच्या कडेपासून हातभर अलीकडं थांबलेली. तो जिवंत होता, पाण्यात ठेवला. आजूबाजूचे कावळ्यांनी फोडले होते. बंधारे नकोत असं मी म्हणत नाही, माझ्या भावाचा ऊस त्याच पाण्यावर आहे. बरगे एकदम न काढता टप्प्याटप्प्यानं काढले तर शिंपल्यांना चालायला वेळ मिळेल, एवढंच.

रंकाळ्यात तर ढिगानं शंख आहेत. म्हणजे पाणी चांगलं आहे?

नाही. याच प्रश्नासाठी खरं तर हे पान लिहायला घेतलं.

किती आहेत ते मोजू नका, किती प्रकारचे आहेत ते मोजा. जिथं जलपर्णी माजली आहे, गटाराचा वास येतो, तिथंही हजारो शंख मिळतात. पण चाळण उपसून बघा: बेलामिया, मेलॅनॉइड्स, इंडोप्लॅनॉर्बिस, फायसा. याच चौघी, पुन्हा पुन्हा. यांना कुजकं पाणी चालतं, शेवाळ आणि कुजलेली पानं खायला मिळतात, त्यांना खाणारे मासे कमी झालेले असतात. त्यामुळे त्या फोफावतात.

आता पंचगंगा जिथं सुरू होते त्या प्रयाग चिखलीच्या वर, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या अंगाला जा. दगड उलटा करा. शंख कमी दिसतील, शोधायला पाठ मोडेल. पण वहीत नावं वाढतील: दगडाला चिकटलेली टोपीसारखी इवलीशी फेरिसिया, वाळूत कॉर्बिक्युला, मुगाच्या डाळीएवढा पिसिडियम शिंपला, आणि नखाएवढा पॅरेशिया. तो नखाएवढा पॅरेशिया मिळाला की आम्ही चहा पितो, कारण याचा अर्थ इथं मासाही आहे, वाळूही आहे आणि गेल्या वर्षी पाणी मेलं नव्हतं.

कृष्णेच्या खोऱ्यात काही जगावेगळं आहे का?

आहे. तुंगा आणि भद्रा पुढं एकत्र होऊन कृष्णेला मिळतात. तिथं कर्नाटकात एक असा शिंपला आहे जो समुद्रातल्या कालवासारखा खडकाला कायमचा चिकटतो. लहानपणी इतर शिंपल्यांसारखाच दोन झाकणांना बांधणारे दोन स्नायू घेऊन हिंडतो, मोठेपणी एक स्नायू जातो आणि एक झाकण दगडाचाच भाग होतं. स्यूडोमुलेरिया डॅली त्याचं नाव. जगात फक्त पश्चिम घाटातून निघणाऱ्या नद्यांत, आणि धोक्यात आलेल्यांच्या यादीत.

धबधब्यावर गोगलगाय असते म्हणे?

क्रेम्नोकोंकस. हिचं सगळं गोत्र समुद्राच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहतं. ही एकटीच सह्याद्रीच्या कड्यावर, धबधब्याच्या तुषारात, काळ्या ओल्या कातळाला चिकटून. वाटाण्याएवढी. विल्यम ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात तिला नाव दिलं. २०१३ साली कर्नाटकातल्या कड्यांवरच्या आणखी सहा जाती जगापुढं आल्या. समुद्रापासून वर आली कशी यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पावसाळ्यात घाटात गेलात तर सेल्फीकडं पाठ फिरवून एकदा कातळाकडं बघा. हात लावू नका, जागा निसरडी असते.

जमिनीवरच्या गोगलगाई कुठं बघाव्यात?

जून-जुलैत, दाजीपूर, आंबोली, तिलारीच्या बाजूला, पालापाचोळ्यात. आंबोली तशी सिंधुदुर्गात, पण आजरेकरांना तिकडं जायला विचारावं लागत नाही. तिथूनच २०२१ साली एका अर्ध्या शंखाच्या गोगलगाईचं वर्णन झालं. पाठीवर शंख आहे, पण अंग आत मावत नाही एवढा छोटा. नुसती जातच नवी नव्हती, वंशही (जातीच्या वरची पायरी) नवा होता. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून त्याला वरदिया म्हणतात.

राधानगरीला मे महिन्यात काजवे बघायला गर्दी उसळते. काजव्याच्या अळ्या गोगलगाई खाऊन वाढतात. गोगलगाईला आधी चावून सुन्न करायचं आणि मग आतून पातळ करून प्यायचं अशी त्यांची रीत. पाचोळा जाळला की गोगलगाय गेली, गोगलगाय गेली की दिवे गेले.

अभयारण्यातून काहीही उचलून आणायला परवानगी लागते, रिकामा शंखसुद्धा. फोटो काढा.

शेतात मोठ्या शंखी गोगलगाई आल्यात. त्याही जपायच्या का?

नाही. ती आफ्रिकन शंखी गोगलगाय, पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखवेड्या इंग्रजानं मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि बागेत सोडली. म्हणजे आमच्यासारख्याच एका माणसाची ही कामगिरी आहे, हे कबूल करायला पाहिजे. एका वेळी शंभरच्या वर अंडी घालते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त झाली ती हिच्यामुळे.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाका (गूळ आपल्याकडं विकत आणायचा विषयच नाही), सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीत, रानात नाही. रानात टाकलं तर गोगलगाय मरेल आणि मातीही. बांधाकडेनं चुन्याचा पट्टा मदत करतो, पाऊस आला की पुन्हा ओढावा लागतो. गोगलगाई मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून वापरा. कुत्र्यानं खाल्ल्या तर जीव जातो.

आणि मारण्याआधी एकदा नीट बघा. शंख लांबट, उभे तपकिरी पट्टे, तळहाताएवढी वाढणारी: आफ्रिकन. चपटी, चकचकीत, तांबूस: आपली. ती बिचारी बहुधा कुजलेला पाला खाते.

यांच्यामुळे जनावरांना, माणसांना रोग होतात का?

होतात, आणि यात घाबरण्यापेक्षा समजून घेण्यासारखं जास्त आहे. लिम्नियाच्या पोटात यकृतातल्या पर्णकृमीचं बालपण जातं. तिथून निघून ते पाण्याकडेच्या गवतावर गुंडाळी करून बसतात. जनावर ते गवत खातं, काही महिन्यांनी खंगतं, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबते. दलदलीच्या कडेला चरायला सोडू नका, तिथलं गवत ओलं घालू नका, आणि डॉक्टरांना पावसाळ्यानंतर औषधासाठी बोलवा. बदकं पाळली तर ती लिम्निया आवडीनं खातात.

इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये वाढणारे कृमी गुरांच्या रक्तात जातात. एका प्रकारात बैल घोरल्यासारखा श्वास घेतो. याच बाल-कृमींनी भात लावताना आपल्या पिंढऱ्यांना खाज सुटते, पण माणसात ते पुढं जगत नाहीत. अपवाद महाराष्ट्रातलाच आहे. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले, आणि बोट फेरिसियाकडं दाखवलं गेलं, तीच ती टोपीसारखी इवलीशी.

आफ्रिकन गोगलगाय हातानं धरली तर साबणानं हात धुवा. उंदराच्या फुप्फुसातला एक कृमी तिच्यामार्फत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो.

खातात का?

बंगाल, बिहार, ओडिशा, ईशान्येत आवडीनं. बंगालीत बेलामियाला ‘गुगली’ म्हणतात, क्रिकेटशी संबंध नाही. आपल्याकडं घाटावर फारसं नाही. खायचंच तर स्वच्छ पाण्यातलं आणि खूप शिजवून. पंचगंगेच्या खालच्या अंगाचे शिंपले खाऊ नका, नदीत जे सोडलं जातं ते त्यांच्या अंगात साठतं.

मला बरोबर यायचंय. काय आणू?

जुनी चप्पल, टोपी, पाणी. चाळण आमच्याकडं आहे. पावसाळ्यात पाण्यात उतरत नाही, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही. कृष्णा आणि वारणेच्या काठाला मगरी आहेत, तिथं गुडघ्याच्या वर जात नाही आणि एकटं जात नाही. उलटा केलेला दगड परत होता तसा ठेवायचा, हा एकमेव नियम ज्यावर मी ओरडतो.

मला एक शंख सापडलाय, ओळखून द्याल का?

देऊ. पण व्हॉट्सॲपवर दुरून काढलेला एक फोटो आणि ‘हे काय?’ असं पाठवू नका. तीन फोटो लागतात: शेंडा वर ठेवून तोंडाकडून, पाठीमागून, आणि थेट शेंड्यावरून. शिंपला असेल तर बाहेरून, आतून आणि बिजागरीचा, कारण जाती बिजागरीच्या दातांवर ठरतात. झाकण होतं का, जिवंत होता का, पाणी वाहतं होतं का, गाव कोणतं, तारीख कोणती. बाजूला रुपयाचं नाणं ठेवा. बोट ठेवू नका, मागं एकानं ठेवलं होतं आणि आम्ही दोन दिवस त्या शिंपल्याला दुप्पट मोठा समजत होतो, पैलवान होता तो.